चालीचा पहिला हक्क : ऑल्टर्ड डॉमिनंट कॉर्डची पार्श्वभूमी

जॅझमधील एखाद्या चालीला साथ करताना डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड (पंचमावर उभारलेला, एकत्र वाजणाऱ्या चार सुरांचा गट) आली, की तिच्यातील कोणते सूर उतरवायचे, कोणते चढवायचे आणि कोणते जसेच्या तसे ठेवायचे, हा प्रश्न पियानोवादकापुढे उभा राहतो. आज त्याचे उत्तर बहुधा एखाद्या स्केलचे, म्हणजे ठरावीक स्वरमालिकेचे, नाव सांगून दिले जाते. ही सवय तुलनेने अलीकडची आहे. तिच्याआधी कॉर्डचे रूप ठरवण्याचा पहिला हक्क चालीचा होता.

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर या कॉर्डमध्ये प, नी, रे आणि म हे चार सूर येतात. नी वरच्या सा कडे आणि म खालच्या ग कडे ओढ घेतो आणि ही ओढ हेच या कॉर्डचे खरे काम आहे. त्यामुळे नी-म ही जोडी शाबूत ठेवली, की उरलेल्या जागांत बरेच काही करता येते. पंचमापासून मोजलेला नववा सूर उतरवला तर कोमल ध मिळतो, चढवला तर कोमल नी. पाचवा उतरवला तर कोमल रे आणि चढवला तर कोमल ग. असे सूर बदललेली कॉर्ड म्हणजे ऑल्टर्ड डॉमिनंट. भैरवीचे चारही कोमल स्वर इथे एकत्र भेटतात, हा योगायोग आपल्या वाचकाला लक्षात ठेवायला सोयीचा आहे, पण शुद्ध नी सोबत असल्याने भैरवीचा भास मात्र होत नाही.

हे सूर जॅझने शोधून काढले नाहीत. मायनर स्केलमध्ये कोमल ध मुळातच असतो, म्हणून तिथल्या डॉमिनंट कॉर्डवर तो आपोआप येतो. आणि पाचवा सूर उतरवलेली कॉर्ड युरोपच्या अभिजात संगीतात ‘फ्रेंच सिक्स्थ’ या नावाने रुळलेली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीताने त्यात ब्लूजची भर घातली. ब्लूज गाणारा गळा कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधल्या जागेत फिरतो, आणि खालच्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असताना गळा कोमल गांधारावर टेकला, की चढवलेल्या नवव्या सुराचाच परिणाम कानी पडतो. तो आधी गळ्यात आला आणि कॉर्डच्या नावात नंतर.

ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाने फेब्रुवारी 1941 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली बिली स्ट्रेहॉर्न यांची ‘टेक द ए ट्रेन’ ही रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सी मेजरमधील (म्हणजे पांढरी एक हाच षड्ज असलेल्या) या चालीत तिसऱ्या मात्रागटात, म्हणजे तिसऱ्या बारमध्ये, सूर थेट कोमल धैवतावर जाऊन थांबतो. खाली ऋषभावरची सेव्हन्थ कॉर्ड आहे आणि तिचा नेहमीचा पाचवा सूर म्हणजे शुद्ध ध. तो वाजवला तर चालीशी अर्ध्या स्वराची टक्कर होते, म्हणून पाचवा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. स्वर मोजून पाहिले तर ही वर सांगितलेली फ्रेंच सिक्स्थच आहे. फक्त ती तिच्या परंपरागत ठिकाणी, पंचमावर, लगेच उतरत नाही. चालीने कॉर्ड कशी ठरवावी याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

दुसरी वाट एकल वादकांनी पाडली. 11 ऑक्टोबर 1939 रोजी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा सुरुवातीच्या काही बारनंतर मूळ चाल जवळजवळ बाजूला ठेवून त्यांनी कॉर्डच्या सुरांवरच सारे वादन उभे केले. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी अशा वादकांच्या बैठकींत बीबॉप ही जॅझची नवी शैली आकाराला आली आणि उतरवलेला पाचवा सूर तिची ओळख बनला. कोमल ऋषभावर उभारलेल्या सेव्हन्थ कॉर्डमध्येही तीच म-नी जोडी असते, म्हणून पंचमावरच्या कॉर्डऐवजी ती वाजवता येते, ही युक्ती तिथे रोजच्या वापरात आली. अमेरिकन वादक संघाने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बंदी घातल्याने या घडणीचा बराच भाग तबकड्यांवर उतरलाच नाही. मूळ चाल टाकून तिच्या कॉर्डवर नवी चाल बांधण्याची रीतही याच मंडळींनी रूढ केली, आणि तिथे कॉर्डचा रंग ठरवताना जुन्या चालीला विचारण्याचे कारण उरले नाही.

मग शिक्षणसंस्था आल्या. बॉस्टनमध्ये 1945 साली सुरू झालेली, पुढे बर्कली म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा आणि 1953 मध्ये मांडला गेलेला जॉर्ज रसेल यांचा कॉर्ड आणि स्केल यांची सांगड घालणारा सिद्धांत, यांच्या काळात प्रत्येक कॉर्डला एक स्केल जोडून शिकवण्याची पद्धत बळावली. पंचमावरच्या ऑल्टर्ड कॉर्डला कोमल धैवतापासूनचे मेलडिक मायनर (तिथे षड्ज धरला तर फक्त ग कोमल असलेले स्केल) जोडले जाते. शिकवायला ही सोय मोठी आहे, पण ती चारही सूर एकदम बदलते आणि माझ्या मते गोंधळ तिथेच होतो. कागदावर नुसते ‘ऑल्ट’ (ऑल्टर्ड) लिहिलेले असते आणि चाल मात्र शुद्ध गांधारावर थांबलेली असते. तेव्हा कोमल ग वगळावाच लागतो. कोमल ध चालतो, कारण त्याचे शुद्ध गांधाराशी भांडण नाही. चाल शुद्ध धैवतावर असेल तर उलट, नववा तसाच ठेवून पाचवा बदलता येतो. सा वर लांबलेली चाल आली तर प्रश्न निराळा होतो, कारण तिथे खुद्द नीशीच टक्कर असते आणि बहुधा नी मागे ठेवून कॉर्ड ‘सस’ करणे, म्हणजे नीच्या जागी सा धरणे, बरे पडते. सुराची लांबीही पाहावी लागते: वेगाने सरकणारा सूर कोणत्याही कॉर्डवरून निभावून जातो, ठोक्यावर ठेवलेला लांब सूर मात्र सवलत देत नाही.