कल्पित धर्म (फँटसी लेखनातला)

फँटसी कथा-कादंबरीसाठी जग उभं करताना लेखक तिथल्या लोकांसाठी जो देवधर्म स्वतः रचतो, म्हणजे देव, सणवार, पुजारी, पंथ, भांडणं सगळं धरून, त्याला कल्पित धर्म म्हणतात. नवखे लेखक बहुतेक वेळा देवांच्या यादीपासून सुरुवात करतात, हा आगीचा, हा युद्धाचा, ही पावसाची, जणू मंत्रिमंडळाचं खातेवाटपच चाललंय, आणि मग तो धर्म वहीतच राहतो. भाविकाला खात्याशी काही देणंघेणं नसतं हो, देव नवसाला पावतो का एवढंच बघायचं असतं.

मुंबईकराला यासाठी लांब जायला नको. बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, सप्टेंबरातल्या जत्रेत स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात, गुडघा धरलाय तर मेणाचा पाय वाहायचा, आणि वाहणाऱ्यांत ख्रिश्चन नसलेलेही भरपूर. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो, त्यामागे कोळी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराच्या कायमच्या जागेसाठी बोललेला नवस होता असं सांगतात. म्हणजे श्रद्धेच्या मुळाशी चक्क मार्केटची जागा!

भूगोलातून धर्म फार छान उगवतो. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. आता समजा आपल्या कथेतल्या देवळाचीही वाट अशीच बुडते, तर काठावर लोक खोळंबणार, खोळंबले की चहावाला येणार, आणि ज्या म्हातारीला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ आहेत तिला सगळे "आता निघू का" विचारणार, दोन पिढ्यांनी तिच्या नातीला विचारल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालणार नाही आणि तिच्यापुढे नारळ ठेवायची पद्धत पडणार. झाली पुजारीण तयार. देव कोण ते अजून ठरलेलंच नाही, आणि त्याने काही अडत पण नाही.

विधी ज्याच्यावर अवलंबून आहे तेच नाहीसं झालं तर काय, हा प्रश्न कल्पित धर्मात क्वचितच विचारलेला दिसतो. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होते, मृतदेह उघड्यावर ठेवायचे आणि गिधाडांनी ते खायचे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन, देशभर गिधाडं झपाट्याने मेली, २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. मग मृतदेह सुकवायला सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवली गेली, काहींनी दहनाचा मार्ग धरला, त्यावर समाजात वादही झाले. ड्रॅगन मेल्यावर ड्रॅगनपूजकांचं काय होतं हे लिहायचं असेल तर हे आधी वाचावं.

नियमांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायची, ते तर्काने चालत नाहीत, सवयीने चालतात. उपासाला बटाटा चालतो, साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, मिरचीसुद्धा चालते, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो धरून ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे १४९२ नंतरच इकडे आलेली. गहू-तांदूळ मात्र चालत नाहीत. आजीला कारण विचारून बघा, "चालत नाही म्हणजे नाही" एवढंच उत्तर मिळेल. कादंबरीतल्या पात्रानेही एवढंच म्हणावं, दोन पानं खुलासा देऊ नये.

फूट पडायला मोठं तत्त्वज्ञान लागतंच असं नाही. पारशांमधले शहेनशाही आणि कदमी हे भेद अठराव्या शतकात कॅलेंडरच्या एका महिन्याच्या फरकावरून पडले.

एकाच धर्मातली सगळी पात्रं सारखीच भाविक दाखवणं ही शेवटची चूक, आणि सगळ्यात जास्त सापडणारी. लोकलच्या खिडकीतून देऊळ दिसलं की एकाचा हात आपोआप छातीकडे जातो आणि डोळे मोबाईलवरच असतात, शेजारचा डोळे मिटून पुटपुटतो, तिसरा देव मानत नाही पण परीक्षेच्या दिवशी मुलाच्या हातावर दही-साखर ठेवतो, आणि चौथी बाई फक्त चौथी सीट कधी रिकामी होते ते बघत असते.