पवनचक्की परवान्यांवरील अपिले (बेळगाव सीमाभाग)

पवनचक्कीसाठी दिलेल्या किंवा नाकारलेल्या जमीनवापर परवानगीविरुद्ध महसूल न्यायाधिकरणात, पंचायत यंत्रणेत आणि उच्च न्यायालयात दाद मागण्याची प्रक्रिया. सौंदत्ती, अथणी, निपाणी, खानापूर या भागांतील जमिनींना कर्नाटकचे कायदे लागतात. जत किंवा चंदगडच्या पाहुण्यांकडून आणलेला अर्जाचा नमुना इथे चालत नाही. त्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे असतात, आणि चुकीच्या कलमाखालचा अर्ज दुरुस्त करण्यातच मुदत निघून जाते.

‘झोनिंग’ (कोणत्या भागातली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणे) हा शब्द इथे शहरापुरताच खरा आहे. नगर नियोजन क्षेत्रात महायोजना (मास्टर प्लॅन) असते आणि तिथला जमीनवापर बदलायचा तर कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ चे कलम १४-अ लागते. पवनचक्क्या उभ्या राहतात त्या माळावर, आणि तिथे बहुधा महायोजनाच नसते. झोनिंगचे काम तिथे एन.ए. (बिगरशेती वापराचा) आदेश करतो. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ खाली जिल्हाधिकारी (बोलीत ‘डीसी’) तो देतात. परवानगी नाकारण्याची कारणे याच कलमात आहेत: दुसऱ्या एखाद्या कायद्याचा हेतू निष्फळ होणे, सार्वजनिक उपद्रव, जनहिताला बाध, किंवा अर्जदार अटी पाळू न शकणे वा न इच्छिणे. अपिलाचा मुद्दा यांपैकी एकात बसवावाच लागतो. ‘गावाला नको आहे’ एवढे लिहून भागत नाही. कलम ९५ मध्ये वारंवार दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे अर्जाच्या तारखेला त्याचा कोणता मजकूर लागू होता ते आधी पाहावे.

दुसरा कागद ग्रामपंचायतीचा. १९९३ च्या पंचायत कायद्यात इमारतीसाठी कलम ६४ आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रसामग्रीसाठी कलम ६६ आहे. पंचायतीच्या आदेशावर तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याकडे जायचे, तर डीसींच्या एन.ए. आदेशावर कलम ४९ खाली कर्नाटक अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘केएटी’कडे. दोन्ही आदेशांवर एकच अपील करणे ही नेहमीची चूक. कोणत्या कागदावर कोणाची सही आहे हे पाहूनच दार ठरवायचे.

केएटीतील पहिल्या अपिलाची मुदत ६० दिवसांची. सोबत आदेशाची प्रमाणित नक्कल लागते. नकलेच्या शिक्क्यात नक्कल मागितल्याची, तयार झाल्याची आणि हातात दिल्याची तारीख असते. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, पण केवळ अर्ज आणि नक्कल तयार होणे यांमधला. तयार नक्कल कचेरीत पडून राहिली तर ते दिवस आपल्याच खाती जातात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा द्यावा आणि त्यात कारणे तारखेनिशी सांगावीत.

आदेश आणि नोटिसा कन्नडमध्ये येतात. मराठी शेतकऱ्याचे नुकसान सर्वाधिक इथेच होते. दाराला चिकटवलेला कागद न वाचता राहतो आणि हरकतीची तारीख उलटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, तेव्हा हरकतीचा पहिला अर्ज मराठीत द्यायला हरकत नाही. पोच मात्र घ्यावीच. अपिलाचा मसुदा कन्नड किंवा इंग्रजीत करावा. उच्च न्यायालयात कन्नड कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडावी लागतात.

अपील दाखल झाले म्हणून काम थांबत नाही. कलम ५४ खाली स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. पायाचे काँक्रीट सलग, न थांबता ओततात. एकदा ते जमले की ‘आता थांबवले तर नुकसान कोणाचे जास्त’ या तराजूत पारडे कंपनीकडे झुकते.

पुराव्यात आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) सर्वांत मोलाचा. रकाना ३ मधला ‘ब’ खराब, म्हणजे वाट, ओढा असे सार्वजनिक क्षेत्र, एन.ए. आदेशात घुसले आहे का ते पाहावे. सर्व्हे नंबरचा तुकडाच दिला असेल तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, मागावा. जमीन मुळात अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली असेल, तर १९७८ च्या पीटीसीएल (अशा जमिनींच्या हस्तांतराला मनाई करणाऱ्या) कायद्यानुसार सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतर बेकायदा ठरते. हा दोष सापडला तर परवानगीचा पायाच जातो.

अंतराचा मुद्दा मोजमापानेच मांडावा. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रस्ता, लोहमार्ग, इमारत यांपासून हबची (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याची) उंची अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास अधिक ५ मीटर इतके अंतर हवे. हब १२० मीटर आणि व्यास १३० मीटर असेल तर ते १९० मीटर होते. आवाजासाठी राहत्या घरापासून ५०० मीटर. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोजणी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली हवी.

दिवाणी कोर्टात मनाई मागणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४१(एचए) नुसार पायाभूत प्रकल्पाला अडथळा किंवा विलंब होईल अशी मनाई देता येत नाही, आणि वीजनिर्मिती त्या यादीत आहे.

हरित लवादाचाही उपयोग मर्यादितच. पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत नसल्याने आव्हान द्यायला पर्यावरण मंजुरीच नसते. खानापूरसारख्या जंगलपट्ट्यात वनजमीन वळवली असेल तर मात्र त्या आदेशावर चेन्नईच्या पीठाकडे ३० दिवसांत जाता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात.

केएटीच्या निकालानंतर उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात रिट याचिका करता येते. हे पीठ २००८ मध्ये फिरते म्हणून सुरू झाले आणि २०१३ पासून कायम आहे. अपिलाची वाट उपलब्ध असताना थेट रिट केली तर न्यायालय बहुधा माघारी पाठवते. ऐकून न घेता आदेश दिला किंवा अधिकारच नव्हता, अशा वेळी अपवाद होतो. एकल न्यायाधीशांच्या निकालावर खंडपीठाकडे ३० दिवसांत रिट अपील करता येते.