शेतातल्या काडीकचऱ्याचं कंपोस्ट आणि त्याचं शेतकरी प्रशिक्षण

कंपोस्ट म्हणजे शेतातला काडीकचरा, पालापाचोळा, गोठ्यातलं शेण-मूत, जनावरांनी टाकलेली वैरण आणि थोडी माती हे सगळं एकत्र करून, ओल आणि हवा सांभाळून मुद्दाम कुजवलेलं खत. यातला "मुद्दाम" शब्द महत्त्वाचा, कारण कचरा तसाही कुजतोच, वर्षभर उकिरड्यात पडला की त्याचं काहीतरी होतंच, पण त्यातला कस शिल्लक राहतो का हा खरा प्रश्न. हे खत करायला आणि वापरायला शेतकऱ्यांना शिकवण्याचं काम महाराष्ट्रात कृषी सहायक, जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं, कृषी विद्यापीठं, आत्मा या शेतीविस्ताराच्या सरकारी योजनेतले गट, महिला बचत गट आणि बऱ्याच ठिकाणी जुने अनुभवी शेतकरी असे सगळेच करतात. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगायला हवी. कंपोस्ट व्हायला तीन-चार महिने लागतात आणि प्रशिक्षण बहुतेक वेळा एका दिवसात उरकतं, या विषयातल्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

उकिरड्यापासून सुरुवात

शेतकऱ्याला खत माहीत नाही असं समजून शिकवायला गेलं की तिथेच गाडी अडते. गावात प्रत्येकाचा उकिरडा असतो, रोज सकाळी बाई गोठा झाडते, पाटीभर शेणकूर नेऊन तिथे टाकते, आणि उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये बैलगाडी किंवा ट्रॉली भरून ते शेतात जातं. म्हणजे अर्धं काम तो पिढ्यान् पिढ्या करतोच आहे. चांगला शिकवणारा माणूस त्यामुळे फळ्यावर काही लिहायच्या आधी सगळ्यांना घेऊन एखाद्याच्या उकिरड्यावर जातो आणि फावड्याने तो उभा कापून दाखवतो. वरचा थर उन्हाने वाळून खडखडीत, कडेचा पावसाने धुपलेला, मधे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जसंच्या तसं, खाली हवा न मिळाल्यामुळे काळं, चिकट, घाण वास मारणारं. तीव्र वास येतो तो बऱ्याचदा अमोनियाचा, म्हणजे नत्र (नायट्रोजन) हवेत उडून चाललंय, आणि पावसाळ्यात उकिरड्यातून जे तपकिरी पाणी वाहून नाल्याला जातं तेही खतच आहे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं समजवायला वेळ लागत नाही.

अर्धवट कुजलेल्या खताचे तोटे शेतकऱ्याला स्वतःलाच माहीत असतात, फक्त कारण माहीत नसतं. शेणखत टाकलं की तण वाढतं, कारण शेणातून आणि वैरणीतून आलेलं बी मेलेलंच नसतं. हुमणीचा त्रास वाढतो, कारण कच्च्या शेणखतात हुमणीची अंडी-अळ्या असतात आणि त्या खताबरोबर शेतात जातात. आणि खत टाकूनसुद्धा पीक पिवळं पडतं, ते का, तर त्याचं उत्तर कर्ब (कार्बन) आणि नत्र यांच्या गुणोत्तरात आहे.

हे गुणोत्तर ऐकायला जड वाटतं पण आहे सोपं. कुजवणाऱ्या जिवाणूंना खायला कर्ब लागतो आणि अंग वाढवायला नत्र. गव्हाच्या काडात साधारण ८० भाग कर्बाला १ भाग नत्र असतं, उसाच्या पाचटात नत्र त्याहूनही कमी, शेणात मात्र २०-२५ ला १. मिश्रण २५-३० ला १ च्या आसपास असलं की कुजणं जोरात चालतं. नुसतं काड मातीत गाडलं तर जिवाणू कमी पडलेलं नत्र जमिनीतून उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो, म्हणून पीक पिवळं. हीच झटापट शेतात होऊ न देता आधी खड्ड्यात नाहीतर ढिगात होऊ द्यायची, कंपोस्ट म्हणजे एवढंच. ढीग नीट जमला की आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते, त्यात बरंचसं तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. गावाकडे "खत तापलंय" म्हणतात ते हेच.

इंदूर ते पुसद

शास्त्रशुद्ध कंपोस्टचा इतिहास सांगताना परदेशी नावं पुढे येतात, पण गोष्ट घडली होळकरांच्या इंदुरात. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते आणि रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांच्याबरोबर त्यांनी शेतातला कचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी पलटी मारून तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. दोघांनी मिळून १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि ही रीत "इंदूर पद्धत" या नावाने जगभर गेली. वाडांचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी गाळलं जातं, ते जाऊ नये असं मनापासून वाटतं. इंदूर पद्धतीत पहिली पलटी साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. खत उत्तम होतं, पण पलटीला माणसं लागतात. १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बसवलेल्या बंगळूर पद्धतीत पलटी नाही, खड्डा भरून चिखलाने लिंपून टाकायचा, पण त्याला सहा-आठ महिने लागतात आणि ती मुळात शहरातल्या कचरा-मैल्यासाठी होती.

या दोन्हींच्या मधला रस्ता यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून "नाडेप". लोक त्यांना नाडेपकाका म्हणायचे. पलटी मारायची नसेल तर हवा आत जायला वाट पाहिजे, म्हणून त्यांनी जमिनीवर विटांची जाळीदार टाकी बांधली, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंत ९ इंची, आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या थरात विटांच्या मधे फटी सोडलेल्या. एक टाकी भरायला १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, साधारण १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. शेण किती कमी आहे ते बघा, कारण विदर्भात बरंचसं शेण गोवऱ्या थापण्यात जातं आणि एक-दोन जनावरं असलेल्या माणसाने ट्रॉलीभर शेण आणायचं कुठून, हा प्रश्न नाडेपकाकांना कळलेला होता.

भरताना आधी टाकी आतून शेणकाल्याने शिंपायची, मग ६ इंच कचरा, त्यावर ४ किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५०-६० किलो माती, परत कचरा, असे ११-१२ थर देत टाकीच्या वर दीड फुटापर्यंत झोपडीसारखा आकार आणायचा आणि ३ इंच मातीने झाकून शेणाने लिंपायचं. सगळं ४८ तासांच्या आत, रोज थोडं थोडं टाकत बसायचं नाही, इथेच लोक चुकतात कारण उकिरड्याची सवय रोज टाकायची असते. पंधरा-वीस दिवसांत माल ८-९ इंच खाली बसतो, तेव्हा परत तसेच थर देऊन भरायचा आणि लिंपायचा. तडे गेले की शेणाने बुजवायचे, ओल कमी झाली तर फटींतून पाणी शिंपडायचं. ९० ते १२० दिवसांत साधारण ३ टन खत निघतं.

अनुदानातून आणि रोजगार हमीतून अशा टाक्या पुष्कळ बांधल्या गेल्या, पण गावोगाव फिरलं की कितीतरी टाक्यांत सरपण किंवा शेळ्या दिसतात. टाकी बांधली की अनुदान मिळतं, भरली की नाही ते बघायला कोणी परत येत नाही, आणि भरायची कशी ते कोणी दोन दिवस हाताशी उभं राहून दाखवलेलं नसतं. विटांचा खर्च झेपत नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ताट्या उभ्या करून किंवा नुसता जमिनीवर ढीग लावून लिंपूनही हेच खत होतं, हे आधी शिकवावं आणि टाकीचं नंतर बघावं.

ज्याचा जो कचरा

प्रशिक्षण सगळीकडे एकसारखं चालत नाही कारण कचरा एकसारखा नाही. कोल्हापूर-सांगली-नगरकडे प्रश्न पाचटाचा, हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं आणि एका काडीत जळून जातं. तिथे कंपोस्ट खड्ड्यात नाही तर खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर परत फुटणाऱ्या उसात, जागच्या जागीच शिकवतात, पाचट सरीत दाबायचं आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून ओल धरायची. युरिया कशाला, तर वर सांगितलेलं नत्र कमी पडू नये म्हणून, आणि हे कारण सांगितलं नाही की शेतकरी तेवढंच वगळतो.

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं कुटार, तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी लाकडासारखी, अख्खी टाकली तर वर्षभर तशीच राहते, श्रेडरने बारीक केली तरच कुजते, म्हणून गटाने एक श्रेडर घेणं परवडतं. इथे आणखी एक फायदा आहे जो शेतकऱ्याला खताहून लवकर पटतो, तो म्हणजे बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते, पऱ्हाटी बारीक करून कुजवली की तिचा तो आसरा जातो. २०१७ ला या अळीने कपाशीचं जे नुकसान केलं ते ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

कोकणात आणि मावळात गोष्ट अजून वेगळी. तिथे भाताच्या रोपवाटिकेसाठी टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायची रीत आहे. राबाने तण मरतं, रोपं जोमदार येतात, हे खरंच आहे, त्यामुळे "राब वाईट, बंद करा" असं बाहेरून येऊन सांगणं मला बरोबर वाटत नाही. तोच पाला कुजवून टाकला तर काय होतं ते एका वाफ्यात राब आणि शेजारच्या वाफ्यात कंपोस्ट असं लावून दाखवावं, पंधरा-वीस दिवसांत शेतकरी स्वतः ठरवतो.

गाजर गवत सगळीकडेच आहे, ते फुलावर यायच्या आधी उपटलं तर ढिगात चालतं, फुलल्यावर नाही, एवढं पक्कं.

शिकवायचं कसं

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातकिडींसाठी सुरू झालेली शेतीशाळेची पद्धत, म्हणजे हंगामभर ठराविक दिवसांनी शेतातच भेटायचं, स्वतः निरीक्षण करायचं आणि स्वतः निर्णय घ्यायचा, ती कंपोस्टला फार चांगली बसते. आपल्याकडे पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळा पुष्कळ झाल्या. कंपोस्टसाठी किमान पाच भेटी तरी पाहिजेत, म्हणजे कचरा गोळा करताना, भरताना, पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्या भराईला, दोन महिन्यांनी ओल बघायला, आणि खत काढताना. शेवटच्या दोन भेटी नेहमी गळतात.

मोजमापाची उपकरणं लागत नाहीत. ओल बघायची तर मूठभर माल घट्ट दाबायचा, बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटला तर कमी. उष्णता बघायची तर लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढायची, हाताला धरवत नसेल तर काम चालू आहे. आठवड्यातच थंडगार असेल तर ओल नाही किंवा शेण कमी. तयार झालं की नाही त्यासाठी पावसानंतरच्या मातीसारखा वास, रंग काळपट, मूळ काडी ओळखू येत नाही, आणि तरी शंका असेल तर त्यात मेथी किंवा मूग पेरून बघायचं, उगवण साध्या मातीइतकी नसेल तर खत अजून कच्चं.

वेळेचं गणितही शिकवण्यात यायला हवं. मार्च-एप्रिलला कचरा हाताशी असतो पण विहीर आटलेली, मग दोन हजार लिटर पाणी कोण देणार? जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत भरलं तर पाणीही असतं आणि मे अखेरीला, पेरणीच्या तोंडावर खत तयार होतं. आणि बोलावणं कोणाला जातं हेही बघावं, सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं म्हणून प्रशिक्षणाला तो येतो, शेण-कचऱ्याचं रोजचं काम मात्र बाईचं. ज्या गावात बचत गटातल्या बायकांनाच टाकी भरायला शिकवलं तिथे ती दुसऱ्या वर्षीही भरलेली दिसते.

गांडूळ खताचं प्रशिक्षण हल्ली जास्त मागतात कारण ते विकता येतं. त्यात एकच मोठी चूक होते, ताज्या शेणावर गांडुळं सोडतात आणि ती उष्णतेने मरतात. आधी पंधरा-वीस दिवस माल कुजवून गार करायचा, सावली करायची, मुंग्या आणि कोंबड्यांपासून जपायचं.

वापर

इथे सगळ्यात कमी शिकवलं जातं. ३ टन खत म्हणजे कोरडवाहू सोयाबीनला हेक्टरी ५ टन धरलं तर जेमतेम दीड एकराचं. १ टक्का नत्र धरलं तर त्यात ३० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या दीड गोणीएवढं, पण त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं, बाकी हळूहळू पुढच्या पिकांना. हे स्पष्ट सांगावं. पहिल्याच वर्षी रासायनिक खत बंद करायला सांगितलं की उत्पन्न पडतं, आणि मग तो शेतकरी कंपोस्टचं नाव काढत नाही. पहिल्या वर्षी फरक दिसतो तो पावसाने ताण दिल्यावर, खत पडलेल्या पट्ट्यातलं पीक दोन-चार दिवस उशिरा सुकतं, म्हणून एक पट्टा मुद्दाम खत न टाकता ठेवायला सांगतात.

थोडं खत असेल तर सगळ्या रानावर विखरून उपयोग नाही, ओळीत किंवा फळझाडाच्या आळ्यात द्यावं. आणि मे महिन्यात शेतात ढिगल्या टाकून पंधरा दिवस उन्हात ठेवायची जी पद्धत आहे ती मोडायलाच हवी, चार महिने जपलेलं नत्र तिथे उडून जातं. ज्या दिवशी ट्रॉली रिकामी केली त्याच दिवशी पसरून वखराची पाळी द्यायची, आणि वखर मिळणार नसेल तर ट्रॉलीच दुसऱ्या दिवशी भरायची.