जुन्या गाडीचा एक्सल नेमका कुठून तुटतो?

उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर टँकर चढतात. पावसाळ्यात त्याच डोंगराळ पट्ट्यातून टोमॅटोचे क्रेट भरलेले पिकअप गिरणाऱ्याच्या बाजाराकडे उतरतात. यात वय झालेल्या गाड्या पुष्कळ. रस्ता म्हणावा तर दगड, चिखल आणि मध्येच पाण्याखाली गेलेला फरशी पूल. अशा गाडीचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा (शाफ्ट), तुटला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "माल कमजोर होता, आता जाड टाकून देऊ." जाडीने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ चा केला तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. पण तुटलेल्या शाफ्टचा तुकडा हातात घेऊन उजेडात धरा. तो बहुतेक वेळा वेगळंच काही सांगतो.

आडगाव नाक्याकडच्या ट्रक गॅरेजांच्या भंगारात असे तुकडे सापडतील. तुटलेल्या तोंडावर दोन भाग दिसतात. एका कडेकडून आत गेलेला भाग गुळगुळीत, जवळजवळ घासल्यासारखा, आणि त्यावर एकीत एक बसलेल्या कमानदार रेघा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, चमकणारा. गुळगुळीत भागात तडा हळूहळू, कधी कधी महिनोन्महिने सरकत होता. खडबडीत भाग मात्र शेवटच्या एका क्षणी तुटला. गुळगुळीत भाग पाऊण तोंड व्यापून असेल तर त्या दिवशी सगळा भार उरलेल्या पाव शाफ्टवर होता. मग "आज ओझं जास्त झालं" हे निदान चुकतं. शाफ्ट कधीपासून मरत होता, त्या दिवशी फक्त कळलं.

या आजाराला अभियंते थकवा म्हणतात, आणि त्याचा अभ्यास सुरू झाला तो एक्सलपासूनच. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा एक्सल तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. हादरे खाऊन लोखंडाची जातच बदलते, ते आतून दाणेदार होतं, असं तेव्हा मानत. पुढच्याच वर्षी स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी दाखवलं की लोखंड बदलत नाही. जिथे एक्सलचा व्यास एकदम बदलतो त्या टोकदार कोपऱ्यात बारीक तडा पडतो आणि तो आत आत जातो. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी कित्येक वर्षं नमुने फिरवून फिरवून तोडले. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खाली ताण राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं, आणि ती ओलांडली की आयुष्य मोजकं उरतं, हे त्यांच्या कामातून कळलं.

फेरे किती होतात ते बघा. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर एका किलोमीटरला साधारण ४५५ फेरे. नाशिक-मुंबई १७० किलोमीटर, म्हणजे एका फेरीत पाऊण लाखाच्या वर. ज्या शाफ्टवर गाडीचं वजनही असतं, त्याचा वरचा पृष्ठभाग अर्ध्या फेऱ्यात खाली येतो. वर असताना दाबला गेलेला कण खाली आला की ओढला जातो. दहा लाख उलटसुलट फेरे सव्वादोन हजार किलोमीटरमध्येच पूर्ण होतात.

म्हणून शाफ्ट किती जाड आहे याआधी त्याच्या अंगावर खाच कुठे आहे हे बघायला हवं. पायरीचा (जिथे व्यास एकदम बदलतो तिथला) कोपरा लेथवर टोकदार सोडलेला, टूलचा खोल चर, चावी म्हणजे पाचर बसवायचा खाचा, गंजाचा खड्डा, पान्याचा घाव, यातल्या प्रत्येक ठिकाणी ताण दुप्पट-तिप्पट होऊन साचतो. नवीन शाफ्ट बनवून घेताना मिस्त्रींना कोपऱ्याला गोलाई द्यायला आणि ती पॉलिश करायला सांगा. पोलाद ई.एन. २४ आहे की ई.एन. १९, यावर तासभर चर्चा होते. गोलाईवर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक. पृष्ठभाग कडक करण्याची इंडक्शन हार्डनिंगची प्रक्रिया त्याच कारणाने उपयोगी ठरते. तिने वरचा थर कडक होतोच, शिवाय तो कायमचा दाबाखाली राहतो, आणि दाबाखालच्या थरात तडा उघडायला वाव मिळत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंटची कामं होतात, तेव्हा ही सोय नाशिककरांना लांब नाही.

आणि तुटलेला किंवा झिजलेला शाफ्ट वेल्डिंग करून वापरू नका. हे कळकळीने सांगतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मूळची हीट ट्रीटमेंट निघून जाते आणि टाक्याशेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो. वरून लेथ मारून तो कितीही सुंदर दिसला तरी.

आता शाफ्टवर भार कोणता येतो ते. जड ट्रकचं चाक हौसिंगच्या, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पोकळ कवचाच्या, नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतं. शाफ्टला फक्त पीळ द्यायचा असतो, म्हणून चाक न काढता बोल्ट खोलून तो बाहेर ओढता येतो. जुन्या जीपमध्ये आणि बऱ्याच हलक्या गाड्यांमध्ये मात्र शाफ्ट पीळही देतो आणि वजनही पेलतो. तिथे तो तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट निघून येऊ शकतं. ट्रकचं चाक जागेवर राहतं, पण साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत पीळ वाटणाऱ्या गिअरच्या संचात) एक शाफ्ट तुटला की त्या एक्सलचं इंजिनशी नातं संपतं. कसारा घाट उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरने गाडी धरून ठेवलेली असते, ती पकडही जाते. उरतात फक्त ब्रेक. सवड काढून शाफ्ट तपासायला हवा तो यासाठी.

वजन पेलतं ते हौसिंग. चाकं दोन टोकांना वर ढकलतात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आतल्या बाजूला खाली दाबतात, त्यामुळे हौसिंगचा खालचा भाग ओढला जातो आणि वरचा दाबला जातो. तडा खालून सुरू होतो. तेव्हा मजबुतीची पट्टी किंवा त्रिकोणी कैची वरच्या अंगाला लावतात, आणि खालच्या अंगाला आडवा टाका घालायचाच नाही. कैचीची उंची खूप काम करते. तुळईची उंची दुप्पट झाली तर वाकण्याला विरोध आठपट होतो. पण टाका थंड होताना आकसतो. वर सलग लांब टाका मारला तर नळीची दोन्ही टोकं वर खेचली जातात, शाफ्ट तिरका फिरतो, ऑईल सील खाल्लं जातं आणि तेल ब्रेकवर उतरतं. म्हणून टाके छोटे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत. हौसिंगचा मधला गोळा, ज्यात डिफरन्शियल बसतं, ओतीव असेल तर आधी गरम करून, निकेलच्या रॉडने, आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळू थंड करून. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण घाई केली तर कैची टिकते आणि गोळ्यालाच तडा जातो.

ऑफ-रोडसाठी केलेल्या बहुतेक सुधारणा एक्सलवर भारच वाढवतात. जुन्या डिफरन्शियलची एक गंमत बघा. दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक चिखलात असेल, घर्षण ०.२ असेल, चाकावर ७०० किलो आणि त्रिज्या ३५ सेंटिमीटर असेल तर पीळ सुमारे ४८० न्यूटन-मीटर. दुसऱ्या चाकालाही तेवढाच, मग गाडी हलत नाही आणि शाफ्ट सुरक्षित राहतो. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा, बसवला की खडकावरचं चाक ०.८ घर्षणाने १९०० न्यूटन-मीटर ओढू शकतं. आणि एक चाक हवेत लटकलं, सगळं १४०० किलो दुसऱ्यावर आलं, तर एकाच शाफ्टवर ३८०० पर्यंत. गाडी निघते, पण त्या शाफ्टला साध्या डिफरन्शियलच्या आठपट पीळ सोसावा लागतो. त्यात टायर मोठे घेतले आणि त्रिज्या ३५ वरून ४० सेंटिमीटर झाली तर आणखी १४ टक्के. ब्रेकची ताकद तेवढीच राहते, स्पीडोमीटर मात्र कमी वेग दाखवतो. ५० दिसत असताना गाडी ५७ ने धावते. बाहेर काढलेले रिम आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढवतात. जास्त पाटे चढवले तर गाडी खाली बसत नाही, पण प्रत्येक दणका थेट हौसिंगला पोचतो.

पिळाने शाफ्ट कसा तुटतो ते खडूने पाहा. खडूचा तुकडा दोन्ही टोकांना धरून पिळला की तो सर्पिलाकार, ४५ अंशांत तुटतो. ठिसूळ झालेला शाफ्टही तसाच तुटतो. चिवट शाफ्ट आधी इशारा देतो: त्याच्या स्प्लाइनच्या सरळ दात्यांच्या ओळी किंचित तिरक्या होतात. अशा ओळी दिसल्या की शाफ्टने एकदा मर्यादा ओलांडली आहे असं समजा, मग तो वरून कितीही धडधाकट असो. आणि शाफ्ट अति मजबूत केला की मोडणारी जागा पुढे सरकते, पीळ क्राउन-पिनियनवर (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या गिअरच्या जोडीवर) किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर जातो. क्राउन-पिनियनपेक्षा शाफ्ट बदलणं कितीतरी सोपं, म्हणून शाफ्टच आधी तुटावा अशी जुळणी मला शहाणपणाची वाटते.

पैसे मोजकेच असतील तर माझा पहिला खर्च ब्रेदरवर, म्हणजे एक्सलच्या हवा खेळवणाऱ्या छिद्रावर, होईल. तापलेला एक्सल फरशीवरच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ झालं की बेअरिंगचे दिवस भरले. ब्रेदरला रबरी नळी जोडून ती वर, बोनेटजवळ नेली तर हे टळतं. दुसरा उपाय तर फुकट आहे: चिखलात टायरची हवा थोडी कमी करायची, डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची. पकड वाढते आणि दणकाही कमी बसतो. कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मोठे टायर किंवा बॉडीतले फेरफार करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

तपासणी मात्र कुणीही करू शकतं. शाफ्ट बाहेर काढला असेल तेव्हा तो रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, शेवटी सॉल्व्हंटने पुसून कोरडा करा. मग डाय पेनेट्रंटचा लाल फवारा पायरीच्या कोपऱ्यावर आणि स्प्लाइनच्या मुळाशी मारा. डब्यावर दिलेला वेळ थांबा, सहसा दहा-पंधरा मिनिटं. कापडाने पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. कोपऱ्यात पडलेल्या तड्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. लाल रेघ दिसली तर तो शाफ्ट भंगारात द्या, आणि देण्याआधी कटरने दोन तुकडे करा, नाहीतर तोच पुन्हा दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसतो.