२२०, २३० की २४०? वॅटच्या हिशोबामागचा घोळ

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोघांचा गुणाकार केला की वॅट, हे दहावीत सगळ्यांनीच केलंय, ते परत सांगत नाही. पण तोच हिशोब घरातल्या गिझरला लावायला गेलं की पहिल्याच पायरीला अडतं. व्होल्टेज कुठलं धरायचं? पाटीवर छापलेलं, की मीटर लावल्यावर आत्ता दिसतंय ते? ही अडचण ओहमचा हा नियम सापडला तेव्हापासूनची आहे.

१८२० च्या दशकात जर्मनीत कोलोनला ओहम नावाचा एक शाळामास्तर वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून करंट मोजत बसायचा. सुरुवातीला त्याचे आकडे जुळेनात, कारण त्या काळची बॅटरी जोडल्या जोडल्या बसायची, दुसरी तार लावेपर्यंत व्होल्टेज उतरलेलं असायचं. मग त्याने बॅटरीचा नाद सोडला आणि बिस्मथ-तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. व्होल्टेज अगदी किरकोळ, पण हलत नाही. तेव्हा कुठे नियम हाती लागला आणि १८२७ ला त्याचं पुस्तक आलं. लंडनहून पदक मिळायला मात्र १८४१ उजाडलं. त्याच सुमारास मँचेस्टरजवळ बिअरचा धंदा असलेल्या घरातल्या जूल नावाच्या एका तरुणाने दाखवून दिलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावं १८८१ च्या पॅरिस परिषदेत पक्की झाली, वॅट १८८९ ला.

खरा घोळ पुढचा आहे. सुरुवातीचे दिवे साधारण ११० व्होल्टचे असायचे. १८९९ च्या सुमारास बर्लिनच्या वीज कंपनीने ११० चे २२० करायला घेतले, आणि कारण सरळ हिशोबाचं होतं: तेवढेच वॅट दुप्पट व्होल्टेजवर दिले की करंट निम्मा आणि त्याच तारेतला लॉस चौथा हिस्सा. तांबं वाचलं. ग्राहकांचे दिवे-मोटरी बदलायचा खर्च कंपनीने स्वतः उचलला, हे मला फार मोलाचं वाटतं. युरोपच्या मुख्य भागात पुढे २२० स्थिरावलं, ब्रिटनमध्ये २४०.

मग १९९५ च्या सुमारास सगळ्या युरोपात एकच आकडा करायचं ठरलं, २३०. पण ते केलं कसं बघा. ब्रिटनने २४० ला ६ टक्के वर-खाली सोडून २३० ला १० टक्के वर आणि ६ टक्के खाली असं लिहिलं. म्हणजे आधी २२५.६ ते २५४.४ चालायचं, आता २१६.२ ते २५३ चालतं. ट्रान्सफॉर्मर तेच, तारा त्याच, प्लगमध्ये मीटर घातलं तर बहुतेक घरांत २४० च्या आसपासच दिसायचं. आकडा बदलला तो कागदावर. समर्थन करणारे म्हणतात की यामुळे एकच उपकरण सगळीकडे विकता आलं, आणि ते खरंही आहे. पण किटलीच्या कॉइलचा रेझिस्टन्स तोच राहतो, म्हणून तिचे वॅट व्होल्टेजच्या वर्गावर चालतात, त्यामुळे २४० ला ३००० वॅटची किटली २३० ला २७५५ वॅटवर येते आणि २२० ला २५२० वर. म्हणूनच किटल्यांच्या खोक्यावर '२५२०-३००० वॅट' असली छपाई दिसते. नुसता एक वॅटचा आकडा बघून घेणाऱ्याला यातलं काय कळणार? तो आकडा कुठल्या व्होल्टेजला हे मोठ्या अक्षरात हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियानेही २००० साली २४० वरून २३० केलं, साधारण याच पद्धतीने.

आपल्याकडे २४० आणि २३० दोन्ही बराच काळ बरोबरीने नांदले. अजूनही शेतपंपाच्या मोटरवर ४१५ व्होल्ट छापलेलं दिसतं, ते थ्री-फेजमधल्या दोन फेजांमधलं व्होल्टेज, २४० गुणिले १.७३२ (तीनचं वर्गमूळ) मधूनच आलंय, २३० धरलं तर ४०० च्या जवळ येतं.

आमच्या घरच्या गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि कॉइल २६.४५ ओहमची. मेन बंद करून मल्टीमीटर लावलं तर २६ दाखवतो, कारण कॉइलच्या नायक्रोम तारेचा रेझिस्टन्स तापून फारसा बदलत नाही (जुन्या १०० वॅटच्या बल्बला हे करू नका, थंड असताना चाळीसच्या आसपास आणि पेटल्यावर ५२९, हिशोब पार फसतो). सकाळी साडेसहाला सगळी आळी गिझर लावते तेव्हा आमच्याकडे १९५ व्होल्ट मिळतं, तेव्हा तोच गिझर १४४० वॅटच्या आत असतो, आणि रात्री बाराला २४८ व्होल्टवर २३०० च्या पुढे जातो. पाटी तीच, कॉइल तीच.

पंपाचं मात्र उलटं आहे आणि त्यातच लोक फसतात. व्होल्टेज पडलं की गिझरची कॉइल करंट कमी घेते, नुसतं पाणी उशिरा तापतं. मोटरवर पाण्याचा लोड तसाच असतो, ती करंट जास्त ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. शिवाय तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट होत नाहीत, पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा हिस्सा) आड येतो. म्हणून आमच्या गावचा वायरमन पाटीकडे बघतच नाही, पंप चालू असताना क्लॅम्पमीटर (तारेभोवती चिमटा धरून करंट मोजणारं मीटर) लावतो आणि स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवतो: तारीख, व्होल्ट, तिन्ही फेजचे अँपिअर.