कृत्यांनी नव्हे, कृपेने : एका ख्रिस्ती सिद्धांताची पार्श्वभूमी

‘तारण कृपेने होते, कृत्यांनी नाही’, म्हणजे पापापासून सुटका देवाच्या दयेने मिळते, स्वतःच्या सत्कर्मांनी नव्हे, हे वाक्य ख्रिस्ती मंडळ्यांत इतक्या वेळा उच्चारले जाते की ते मुळात कोणी आणि कोणत्या अडचणीत उच्चारले याचा विसर पडतो. बाहेरून ऐकणाऱ्याला तर ही सत्कर्म टाळू पाहणाऱ्यांची सोय वाटते. प्रत्यक्षात ज्यांनी हे वाक्य जिवाच्या आकांताने मांडले, ती माणसे धर्माचरणात आपल्या काळातील इतरांपेक्षा कितीतरी पुढे होती. करण्यासारखे सर्व करून झाल्यावर आणि तरीही मन निवत नाही हे अनुभवल्यावरच ती कृपेकडे वळली. या सिद्धांताचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, असे मला वाटते.

पहिले नाव अर्थातच पहिल्या शतकातील ख्रिस्तप्रचारक प्रेषित पौलाचे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आपली सारी जमेची बाजू मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंशात जन्म, यहूद्यांतील परूशी पंथाची कडक शिस्त आणि मोशेच्या नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आचरण. मग ख्रिस्तापुढे हे सारे आपण केरकचरा लेखतो, असे तो म्हणतो. वादाला तोंड फुटले ते आजच्या तुर्कस्तानात असलेल्या गलतियातील मंडळ्यांमुळे. तेथे यहूदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे आले होते, आणि त्यांनी सुंता करून नियमशास्त्र पाळल्याशिवाय ते देवाचे लोक ठरत नाहीत, असे काही उपदेशक सांगू लागले होते. ‘नियमशास्त्रातील कृत्यांनी मनुष्य नीतिमान ठरत नाही’ हे पौलाचे उत्तर या प्रश्नाला होते. त्या कृत्यांत सुंता, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) आणि खाण्यापिण्याचे निर्बंध येत असत, हे लक्षात न घेतल्यामुळे पुढे पुष्कळ गैरसमज झाले. यहूदी धर्माला देवाची दया ठाऊकच नव्हती, हा त्यांपैकी सर्वांत अन्यायकारक. यहूदी धर्मग्रंथातील स्तोत्रसंहिता उघडणाऱ्याला तो क्षणभरही पटणार नाही. मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण येते. ‘कर्म’ हा शब्द कानावर पडताच पूर्वजन्म, संचित आणि प्रारब्ध ही सारी मालिका मनात उभी राहते. पौलाच्या मनात यांपैकी काहीही नव्हते.

पाचव्या शतकात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या आत्मकथनात अशी प्रार्थना लिहिली होती की, देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये राहणारा ब्रिटनचा तपस्वी पेलाजियस हे ऐकून अस्वस्थ झाला. बळही देवानेच द्यायचे असेल तर माणसाची जबाबदारी उरते कोठे, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. रोममधील सुखवस्तू ख्रिस्ती लोकांचे शिथिल आचरण पाहून तो व्यथित झाला होता. ऑगस्टीनचे म्हणणे असे की, माणसाची इच्छाशक्तीच मुळात आजारी आहे आणि आजाऱ्याला ‘ऊठ, चाल’ असे नुसते सांगून भागत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते अमान्य केली आणि ५२९ साली ओरांज येथील धर्मसभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते असे ठरवले. म्हणजे कृपेचे प्राधान्य ही प्रॉटेस्टंटांची नवी कल्पना नव्हे. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेचा तो जुना, अधिकृत विश्वास होता.

मग सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट मंडळ्या रोमपासून वेगळ्या होण्याइतका स्फोट का झाला? त्याचे एक उत्तर एका कागदात आहे. जर्मनीतील माइन्झ येथे १४५४–५५ च्या सुमारास छापलेली पापक्षमापत्रे आजही जतन केलेली आहेत. बाकी मजकूर छापील, फक्त नाव आणि तारीख यांसाठी रिकामी जागा, आणि त्या जागेत हाताने भरलेली शाई. शिकवणीनुसार या पत्राने पाप पुसले जात नसे, तर पापाबद्दल भोगावयाच्या दंडात सूट मिळत असे. सामान्य माणसाच्या मनात हा भेद राहत नव्हता. १५१७ साली योहान टेट्झेल हा उपदेशक अशीच पत्रे घेऊन फिरू लागला, तेव्हा जमलेल्या पैशांतील निम्मा वाटा रोममधील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठी होता आणि निम्म्यातून माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांनी पदासाठी फुगर पेढीकडून काढलेले कर्ज फेडले जाणार होते. विटेनबर्ग या जर्मन शहरातील लोक आपल्या राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या युटरबोगला जात आणि पत्र घेऊन परत येत.

त्या लोकांचा धर्मोपदेशक होता मार्टिन ल्यूथर. १५०५ साली विजांच्या कडकडाटात घाबरून नवस बोललेला आणि त्याप्रमाणे मठात गेलेला हा तरुण उपवास, जागरणे आणि पापकबुली यांत कोठेही कमी पडला नव्हता. आपण एखादे पाप सांगायचे विसरलो तर नाही ना, या धास्तीने तो पुन्हा पुन्हा कबुलीला जाई. पौलाच्या रोमकरांस पत्रातील ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द त्याला नकोसे वाटत, कारण पाप्याला शिक्षा करणारे नीतिमत्त्व असाच त्यांचा अर्थ त्याला शिकवला गेला होता. विश्वास ठेवणाऱ्याला देव दान म्हणून देतो ते हे नीतिमत्त्व, असा अर्थ उलगडला तेव्हा स्वर्गाची दारे उघडल्यासारखे वाटले, असे त्याने १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले आहे.

१५१७ साली पापक्षमापत्रांविरुद्ध मांडलेल्या त्याच्या पंचाण्णव प्रमेयांतील त्रेचाळिसावे सहसा उद्धृत केले जात नाही. पापक्षमापत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा किंवा गरजवंताला उसने देणारा अधिक चांगले करतो, असे त्यात म्हटले आहे. १५२० साली त्याने आणखी स्पष्ट केले की सत्कृत्यांनी माणूस चांगला होत नाही, चांगला झालेला माणूस सत्कृत्ये करतो. झाडाला फळे लागतात, फळांना झाड लागत नाही, हा त्याचा आवडता दृष्टान्त. तरीही जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला आणि बायबलमधील याकोबाच्या पत्राला गवताचे, म्हणजे हलक्या मोलाचे, पत्र म्हटले, यातून त्याचे म्हणणे एकांगी असल्याची टीका होणे अटळ होते. कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाचे वचन पुसता येणारे नाही.

१३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेन्ट येथील धर्मसभेने यावर आपला निर्णय दिला. ‘केवळ विश्वासाने’ या सूत्राचा तिने निषेध केला, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच निर्णयाचा पहिला नियम असा आहे की, कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असे म्हणणाराही दोषी आहे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना ऐकायला साडेचारशे वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांना समर्थ करते, हे त्यात दोघांनी मिळून म्हटले.

मराठी ख्रिस्ती माणसाला मात्र हा विषय विटेनबर्गपेक्षा पंडिता रमाबाईंच्या केडगावमुळे अधिक जवळचा वाटतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले, आणि १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उपवास, स्नाने, पारायणे यांपैकी काहीही न सोडता पायी चालत राहिले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, असे रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. आठ वर्षांनी त्यांनी प्रांजळपणे कबूल केले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एका आचारधर्मातून निघून दुसऱ्या आचारधर्मात येऊन थांबता येते, हे त्यांनी स्वतःबद्दल ओळखले. पौल आणि ल्यूथर यांनी जे ओळखले होते, ते रमाबाईंना पुन्हा स्वतः शोधावे लागले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले, तेव्हा स्वतःची भूक त्यांना आठवत होती. त्या मुलींसाठी उभ्या केलेल्या घराला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यात छापून पूर्ण झाले.