आतड्याच्या विकारांतील पेशीबाह्य पुटिकांचे प्रकाशीय प्रतिमांकन

पेशी आपल्याभोवती ज्या अतिसूक्ष्म, मेदपटलाच्या पिशव्या सोडतात त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. आतड्याला दाह झाला असता त्या कोठून निघतात व कोणत्या पेशींत शिरतात हे प्रकाशाच्या साहाय्याने टिपण्याच्या पद्धती या नोंदीत येतात. पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणारे एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे असतात. पेशीपटलालाच फुगवटा येऊन सुटणाऱ्या पुटिका १,००० नॅनोमीटरपर्यंत मोठ्या असू शकतात. पक्व होत असलेल्या तांबड्या रक्तपेशींवरील १९८३ च्या संशोधनानंतर बराच काळ या पुटिकांना पेशीचा टाकाऊ माल समजले गेले. त्या प्रथिने व आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे नेतात, हे पुढे स्पष्ट झाले.

मुख्य अडचण आकाराची आहे. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक एक्झोसोम त्याच्या मर्यादेखाली राहतात. ज्या अतिविभेदी सूक्ष्मदर्शनाला २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याने ही मर्यादा ओलांडली. दुसऱ्या एका पद्धतीत द्रवातील पुटिकांनी विखुरलेल्या लेसर प्रकाशाचे ठिपके कॅमेऱ्याने टिपतात आणि त्यांच्या अस्थिर हालचालीवरून आकार काढतात.

जिवंत प्राण्यात काम अधिक अवघड होते. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम देऊन मोठ्या आतड्याला सूज आणतात, पुटिकांना मेदात विरघळणारा रंग लावून त्या टोचतात आणि कॅमेऱ्याने शरीराबाहेरून प्रकाश मोजतात. रक्त व ऊती दृश्य प्रकाश शोषून घेतात, म्हणून अवरक्ताच्या लगतचे, ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे रंग पसंत केले जातात. तरीही पोटात भलतेच काही चमकू शकते. प्रयोगशाळेतील उंदरांच्या खाद्यात बहुधा लसूणघास असतो. मराठवाड्यात दुभत्या जनावरांसाठी पेरतात तोच हा चारा. त्यातील हरितद्रव्य तांबड्या व अवरक्तालगतच्या पट्ट्यात स्वतःच उजळते, त्यामुळे प्रयोगाच्या काही दिवस आधी खाद्य बदलावे लागते. याहून गंभीर दोष रंगाचा आहे: त्याचे रेणू एकत्र येऊन पुटिकेएवढे कण बनवतात, आणि पुटिका विरल्यावरही रंग ऊतीत टिकून राहतो. शिरेतून दिलेल्या पुटिकांचा बराच वाटा यकृत व प्लीहेतच अडकतो, म्हणून आतड्यात दिसलेली क्षीण चमक नुसता रंग टोचलेल्या उंदराशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राह्य धरू नये. पुटिकेच्या प्रथिनालाच दीप्ती देणारे विकर जनुकीय पद्धतीने जोडणे अधिक विश्वासार्ह, पण खटाटोपाचे आहे.

मराठवाड्यात या संशोधनाचे मोल एका नेहमीच्या निदानपेचावरून कळते. पोटात मुरडा, जुलाब, बारीक ताप आणि घटत जाणारे वजन घेऊन खेड्यातील रुग्ण अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात येतो, तेव्हा हा क्रोन रोग (आतड्याचा दीर्घकाळ टिकणारा दाह) की आतड्याचा क्षय, हे ठरवणे सोपे नसते. दोन्ही रोग लहान आतड्याचे टोक व त्यालगतचा मोठ्या आतड्याचा भाग धरतात, दोन्हींत व्रण व गाठी होतात, आणि दुर्बीण टाकून काढलेल्या तुकड्यात क्षयाचे जंतू सापडतीलच असे नाही. त्यामुळे अनेकदा क्षयाची औषधे आधी देऊन उतार पडतो का ते पाहतात. क्षयाच्या रुग्णाला क्रोन समजून स्टेरॉइड दिले तर क्षय बळावतो. उलट चूक झाल्यास उपचाराविना महिने जातात आणि आतडे अरुंद होऊ शकते.

क्षयजंतूंनी ग्रासलेल्या भक्षक पेशी त्या जंतूंची प्रथिने असलेल्या पुटिका सोडतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. या पेचावर पुटिकांचा उपयोग होईल ही आशा त्यावरच उभी आहे. मात्र पुटिकांचे प्रतिमांकन आज संशोधनापुरतेच आहे. रुग्णासाठी जवळचा मार्ग शरीरात रंग टोचण्याचा नसून, रक्त किंवा शौचाच्या नमुन्यातील पुटिका प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) लावलेल्या काचपट्टीवर धरून प्रतिदीप्तीने एकेक तपासण्याचा आहे. शौचात आतड्याच्या पेशींच्या पुटिकांबरोबर जीवाणूंनी सोडलेल्याही असतात आणि नुसत्या आकारावरून त्या ओळखता येत नाहीत, म्हणून योग्य प्रतिपिंड निवडण्यावरच या तपासणीची सारी भिस्त असते.